एकाच रविवारचे दोन पाठ

संडे स्कूल चालवणाऱ्या एस्तेरबाई गायकवाड यांची आणि माझी ओळख अहमदपूरच्या चर्चच्या ओसरीवर झाली. मी गावात नवा शिक्षक होतो आणि संडे स्कूलचा एक वर्ग मागायला गेलो होतो. मला बायबल किती येते हे बाईंनी विचारलेच नाही. “आधी कोणती लेकरं कोयत्यावर जातात ते बघा, मग पाठ ठरवा,” एवढेच म्हणाल्या. आमच्या मंडळीतली बरीच कुटुंबे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. हे पाठांच्या आड कसे येते, ते मला पुढे कळले.

मी तेव्हा एकटाच राहत होतो. बाई शनिवारी जेवायला बोलवत आणि भाकरी वाढण्याआधी उद्याचा पाठ म्हणून दाखवायला लावत. अर्धवट तयारीला कालवण मिळत नसे.

बाईंची वर्षाची आखणी जूनमध्ये तयार असे. नोहाचा महापूर पावसाळ्यात, पेरणाऱ्याचा दाखला पेरणीत. एका वर्षी या आखणीत वधस्तंभाचा पाठ दसऱ्याआधीच्या रविवारी आला आणि पुनरुत्थानाचा त्यानंतरच्या. मधल्या आठवड्यात ऊसतोडीच्या गाड्या निघून गेल्या. उन्हाळ्यात परतलेली सुमी नावाची दुसरीतली मुलगी गाण्याच्या वेळी गप्प बसली. बाईंनी कारण विचारले.

“येशू तर मेला. मग गाणं कोणाला म्हणायलेत?”

“मेला म्हणून कोणी सांगितलं?”

“तुम्हीच तर सांगितलं. तिकडं आई तापानं पडली, तवा प्रार्थना करावी वाटली. पण ऐकायलाच कोणी न्हाई, तर कोणाला सांगू?”

त्या दिवशी बाईंनी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि सुमीला उरलेली गोष्ट सांगितली. पुढच्या वर्षीच्या आखणीत त्यांनी ते दोन्ही पाठ एकाच रविवारी घातले, तेही दसऱ्याआधी. पाळकसाहेबांना हे पटेना. “प्रभू तिसऱ्या दिवशी उठले. तुम्ही त्यांना तासाभरात उठवणार?”

“गाडी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, पाळकसाहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या.

साहेबांनी नाखुशीने मान डोलावली. त्या रविवारी ते स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले, आणि तेव्हापासून हा नेम मोडलेला नाही.

गेल्या वर्षी मात्र तो मोडण्याची वेळ आली होती. नेमक्या त्याच आठवड्यात बाई लातूरच्या दवाखान्यात होत्या आणि आम्ही शिक्षकांनी दोन्ही पाठ पुढे ढकलायचे ठरवले. तेवढ्यात सुमी आपल्या मुलीचे बोट धरून आली. ती आजही ऊसतोडीलाच जाते. आमचे बोलणे ऐकून ती म्हणाली, “पुढं कसं ढकलता? आम्ही बुधवारी निघायलोत. सरका, मी सांगते.” आणि तिने उभ्याउभ्या, कोणत्याही चित्राशिवाय, सारी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. मी दवाखान्यात जाऊन हे कळवले, तेव्हा बाईंनी एकच प्रश्न केला, “उठेपर्यंत सांगितलं ना?” हो म्हटल्यावर त्या डोळे मिटून पडून राहिल्या.

बाई आता बऱ्या आहेत आणि पंच्याहत्तरीतही पुढच्या जूनची आखणी करीत आहेत. परमेश्वराने त्यांना धडधाकट शरीर आणि भरपूर आयुष्य द्यावे. सुमीनंतर त्यांनी आजवर एकाही लेकराला अर्ध्या गोष्टीवरून जाऊ दिलेले नाही. आम्हीही त्यांना इतक्यात जाऊ देणार नाही.