हळदीच्या डब्यातल्या गोळ्या

"शालन गेली," एवढंच तिच्या वहिनी फोनवर बोलल्या, पुढे नुसतं रडणं... दीड महिना झाला.

शालन माझी कुंडलच्या शाळेपासूनची मैत्रीण. नवरा गेल्यावर भावाकडे राहायची, गावाचे ब्लाउज शिवायची. मग उदासीने तिला असं धरलं की शिलाई मशीनवर धूळ साचली. मिरजेच्या डॉक्टरांनी चालू गोळ्यांना एक नवी जोडली आणि सरळ सांगितलं, "हे मुळात वेडावरचं औषध. तुम्हाला वेड लागलेलं नाही. थोड्या मात्रेत ते उदासीलाही लागू पडतं. वजन वाढेल, पण आपल्या मनाने बंद करू नका." हळूहळू मशीन पुन्हा खडखडू लागलं. वजनही वाढलं. "लय भूक लागतीया गं," ती म्हणायची, "गावाची कापडं ऱ्हायली, माझंच ब्लाउज उसवत बसलीया!" ते हसणं ऐकायला मी सांगलीहून मुद्दाम जायची.

पुढे तिच्या भाचीला स्थळं येऊ लागली. शेजारच्या एका शहाण्याने गोळ्यांच्या खोक्यातला कागद वाचला आणि गल्लीभर केलं, वेड्याची गोळी! वहिनी वाईट नाहीत हो, पण घाबरल्या. पाहुणे यायच्या आधी त्यांनी गोळ्या हळदीच्या डब्यात खुपसल्या आणि शालनला मलकापूरला मावशीकडे धाडलं. दोन दिवसांसाठी म्हणून. पाहुण्यांचं येणं लांबत गेलं, तसं तिचं राहणंही.

गोळ्या डब्यातच राहिल्यात हे कळल्यावर मी शालनला फोन करून ओरडले, "गोळ्या मी आणून देते!"

"नगं गं. माझ्यापायी पोरीचं मोडलं तर?... मला आता बरं हाय."

बरं कसलं! ते बरं त्या गोळीचंच होतं. आधी ती बोलेनाशी झाली, मग जेवेनाशी. मावशीला वाटलं, पोरीचं लग्न जमावं म्हणून हिने उपास धरलेत. मिरजेला आणली तोवर अंगात काही उरलं नव्हतं. जिला भूक आवरत नव्हती ती उपाशी गेली. कुणावर चिडू? मी सगळ्यांवरच चिडते, एकटीच, स्वयंपाक करता करता.

परवा गेले होते. पोरीचं ठरलंय. वहिनींनी जेवायला वाढलं, तर आमटी पांढरट, बटाट्याची भाजीही पांढरी. मी ताटाकडे बघत राहिले.

"त्यो डबा उघडायला हात हुत न्हाई, ताई," वहिनी खाली मान घालून म्हणाल्या. "टाकायला बी हुत न्हाई."

डबा फळीवर तिथेच होता. मी ती आमटी भातावर ओढून घेतली.