पहिल्या आठवड्याची विक्री

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू पुण्याचा. इथं बंगळुरात, महादेवपुऱ्यात व्हिडिओ गेम बनवतात तिथं तीस माणसं त्याच्या हाताखाली. दर वाक्याआधी “म्हणजे काका” म्हणतो, अन् खुर्चीच्या टोकावरच बसतो. एका गेमवर सगळ्यांचे चार वर्षांचे पगार खर्ची पडले. पहिल्या आठवड्यात खपला नाही तर कंपनी बंद, असं त्यानंच मला समजावलेलं.

पाचव्या दिवशी माझ्याकडे कॉफी पिताना तो फोनवर विक्रीच बघत होता.

“म्हणजे काका, लोक डिस्काउंटची वाट बघतायत.”

“मग कर स्वस्त.”

“म्हणजे काका, मग खर्चही निघत नाही.”

तेवढ्यात त्याच्या कंपनीच्या मालकाचा फोन आला. स्पीकरवर मीही ऐकलं. कंपनी बंद करतोय, पण महिनाभर कुणाला कळू देऊ नको, माणसं आत्ताच सोडून जातील, म्हणाला.

हा उभा राहिला. “सर, त्यांना दुसरी नोकरी शोधायला वेळ लागेल. मी आजच सांगणार. हवं तर मला काढा.”

माझ्या बायकोच्या वेळी डॉक्टर शेवटपर्यंत ‘सुधारतंय’ म्हणत राहिले. तिच्याशी बोलायचं ते राहूनच गेलं.

हाताखालच्या पहिल्या माणसाचा नंबर लावत तो जिन्याकडे निघाला.

“बरं, इथंच बस,” मी म्हटलं, “अन् स्पष्ट सांग.”