उशीच्या अभ्र्यावरचा डाग

पावडरमामांच्या हाताखालून गेला नाही असा राजा, भिकारी किंवा खलनायक त्या नाट्यगृहात शोधूनही सापडला नसता. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे चेहरे बदलले. विशीतल्या पोराला अर्ध्या तासात सत्तरीचा म्हातारा केला आणि पन्नाशी उलटलेल्या नायिकेला अशी काही कॉलेजात धाडली, की पहिल्या रांगेतल्या खडूस प्रेक्षकानंही मान डोलवावी. खरं नाव त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

रंगमंचामागची त्यांची खोली म्हणजे एक चिंचोळा बोळच होता. लांब आरसा, भोवती पिवळे दिवे, खुर्च्या तीन आणि बसणारे सात. डिंकाचा आणि पावडरचा वास भिंतीत मुरलेला. मामा प्रत्येकाशी आरशातूनच बोलायचे. जन्मभर माणसं अशी उलटी पाहिल्यामुळे ओळखीचा नट रस्त्यात समोर आला, की ते क्षणभर गडबडायचे. "याचा तीळ या गालावर कधी गेला बुवा?"

त्यांचा एकच नियम होता. दिव्याखाली जायचं तर कोरा चेहरा घेऊन जायचं नाही.

त्या वर्षी त्यांच्या छातीत काहीतरी बिनसलं. सामानाची पेटी घेऊन जिना चढला, की छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं आणि डावा जबडा ठणकायचा. दोन मिनिटं कठड्याला टेकलं, की पुन्हा सगळं ठीक. मामांनी त्याला पित्त ठरवून टाकलं, कारण दुसरं नाव घ्यायची त्यांची छाती नव्हती. थोरला भाऊ असाच छातीवर हात धरून दवाखान्यात गेला होता, तो चालत घरी आला नाही. तेव्हापासून मामांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: दुखणं माणसाला मारत नाही, डॉक्टरांनी ते शोधून काढलं की माणूस मरतो.

एका दुपारच्या प्रयोगाआधी त्यांनी आरशात सहज स्वतःकडे पाहिलं. चेहरा राखेसारखा. ओठ पांढरे. हा चेहरा घरी नेला, तर मामी क्षणभरही स्वस्थ बसू देणार नव्हती. मग मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला खुर्चीत बसवलं. रंगाचा पातळ हात दिला, गालांवर लाली बोटानं पुसट केली, कानाच्या पाळ्यांनाही थोडी लावली. कान विसरतो तो कच्चा कारागीर. पाच मिनिटांत आरशात एक ठणठणीत गृहस्थ बसला होता.

घरी मामी म्हणाली, "आज खुशीत दिसताय. जास्तीचा प्रयोग मिळाला वाटतं?"

झालं. तेव्हापासून तो रोजचाच परिपाठ पडला. सकाळी मामी उठायच्या आत न्हाणीघरात शिरायचं आणि तयार होऊनच बाहेर यायचं. एकदा नेहमीच्या डॉक्टरांकडेही ते तसेच गेले.

"मामा, तुम्ही तर माझ्यापेक्षा तरणेताठे दिसताय! काय होतंय?"

"काही नाही हो, पोटात जरा गुबारा धरतो."

नाटक्यांच्या संगतीत जन्म गेला त्यांचा. एकदा सोंग घेतलं, की वाक्यंही सोंगाचीच तोंडात येतात. जिन्याबद्दल, जबड्याबद्दल अवाक्षर निघालं नाही. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "तरी पुढच्या आठवड्यात कार्डिओग्राम काढू." पुढच्या आठवड्यात मामा तिकडे फिरकलेच नाहीत.

आता मामीचं ऐका. या बाईनं चाळीस वर्षं नवऱ्याच्या कॉलरवरचे रंग धुतले होते. शेजारणी डोळे मिचकावायच्या, तेव्हा ती ठसक्यात सांगायची, "हा राजाचा, हा राणीचा, आणि हा त्या मेल्या खलनायकाचा. विचारा आणखी काही." पण रविवारी सकाळी चादरी बदलताना तिला उशीच्या अभ्र्यावर डाग दिसला. मामा हल्ली दुपारी जरा आडवे व्हायचे. तिनं डाग उजेडात धरला. ना राजाचा, ना राणीचा.

मामा चहा घेत बसले होते. ती ओला पंचा घेऊन समोर उभी राहिली.

"हा रंग कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? लागला असेल हाताचा."

"हाताचा? हात उशीवर ठेवून झोपता की डोकं? वर बघा."

"अगं, चहा तरी..."

"वर बघा म्हणते ना!"

तिनं एका हातानं हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं कपाळापासून गळ्यापर्यंत पंचा फिरवला. लाली गेली, पाळ्यांचा रंग गेला, आणि खालून जो चेहरा वर आला तो पाहून तिच्या हातातला पंचा गळून पडला. तेवढ्यात मामांना दरदरून घाम फुटला. खुर्चीत बसल्या जागी तो गुडघा पुन्हा छातीवर रोवला गेला आणि या वेळी काढता पाय घेईना.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दोन महिने."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. लेकीला फोन लावून एवढंच म्हणाली, "गाडी काढ. वडील बसलेत तसेच न्यायचेत."

इस्पितळात पोचताच त्यांना तोंडात चावायला गोळ्या दिल्या, छातीला तारा लावल्या, दंडातून रक्त काढलं. दुखणं हळूहळू ओसरलं. हृदयाच्या डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी आलेखाची पट्टी मामांसमोर धरली.

"इथे रेषा खाली गेलीय, दिसतेय? हृदयाला रक्त पुरवणारी एखादी नळी तुंबत आलीय. मनगटातून बारीक नळी घालून आत पाहावं लागेल. आजच."

"नको, बाई. माझा भाऊ असाच आत गेला होता."

"किती वेळानं आणलं होतं त्यांना?"

उत्तर मामीनं दिलं. "दोन दिवस घरीच होते. पित्त, पित्त म्हणत."

"मग ते तपासणीमुळे गेले नाहीत, मामा. त्या दोन दिवसांमुळे गेले." डॉक्टरीणबाई बिछान्याच्या कडेला बसल्या. "तुमच्या रक्तात अजून हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याची खूण नाही. म्हणजे वेळ आपल्या बाजूनं आहे. पण तो किती, ते मला सांगता येणार नाही."

मामांनी बायकोकडे पाहिलं. मग उजवा हात चादरीत लपवत म्हणाले, "डाव्या मनगटातून घाला. उजवा हात कामाचा आहे."

"डावा तर डावा," बाई हसल्या.

आत मोठमोठे दिवे होते. जन्मभर दुसऱ्यांना दिव्याखाली धाडलेला माणूस आज स्वतः तिथे आडवा झाला होता, तोही कोऱ्या चेहऱ्यानं. मनगटापुरतीच भूल दिली होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. छातीत क्षणभर गरम वाफ गेल्यासारखं झालं, आणि पडद्यावर काळ्या नळ्यांची जाळी उमटली. मधली सगळ्यांत जाड नळी एका जागी एकदम दोऱ्याएवढी झाली होती.

"नव्वद टक्के," बाई म्हणाल्या. "आता तिथे फुगा फुगवते आणि जाळीची बारीक नळकांडी बसवते. जरा दुखेल."

दुखलं. तोच गुडघा, तीच जागा. मामांनी डोळे गच्च मिटले, आता भावाच्याच वाटेनं निघालो असं त्यांना वाटलं. आणि मग तो गुडघा उठला. अगदी छातीवरून माणूस उतरावा तसा.

"बघा आता."

मामांनी मान वळवली. दोरा नव्हता. नळी टोकापर्यंत भरली होती आणि जिथे मघाशी काहीच नव्हतं तिथे बारीक बारीक फांद्या उमटल्या होत्या. एका मिनिटात एवढा बदल त्यांनाही कुणाच्या चेहऱ्यावर कधी करता आला नव्हता.

"वा!" त्यांच्या तोंडून गेलं. "बाई, वा!"

"हलू नका हो," बाई दटावून म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज हसत होता. "गोळी मात्र एकही चुकवायची नाही. वर्षभर तर नाहीच नाही."

दुपारी मामी खाटेशी येऊन बसली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. परिचारिकेनं मामांसाठी चहा आणि दोन टोस्ट आणून ठेवले.

"दोन महिने!" मामीनं तोंड उघडलं. "दोन महिने मला बनवलंत. मी काय तिकीट काढून बसले होते?" बोलता बोलता तिनं एक टोस्ट चहात बुडवून खाल्ला. "लेकीला तोंड काय दाखवलं असतं मी? दवाखान्यात जायचं म्हणून भीती? अन् मरायची नाही?" दुसराही टोस्ट गेला. "पुन्हा काही लपवलंत ना, तर याद राखा!" वरचा चहाही तिनं पिऊन टाकला. कप खाली ठेवला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. ती रिकाम्या बशीकडे बघत राहिली आणि इतक्या वेळचं रडू तिला आत्ता आलं, अगदी हुंदके देऊन.

मामांनी मोकळ्या हातानं तिचा हात धरला. छातीत काही म्हणजे काही दुखत नव्हतं, आणि कडकडून भूक लागली होती.

"सिस्टर," त्यांनी दाराकडे हाक मारली, "आणखी टोस्ट मिळतील का हो? चार आणा. आम्ही दोघं आहोत."