कुठली पिशवी?

सकाळी सातला नळी काढली. अकरा वाजले तरी बिरूआबांना लघवी झाली नव्हती. पद्मा सिस्टर नवी नळी घेऊन दारात उभ्या.

"सर, घालू का परत?"

"थांबा जरा," मी म्हटलं.

थांबण्यात माझाही स्वार्थ होता. प्रोस्टेट ही पुरुषांच्या लघवीच्या वाटेवरची ग्रंथी. वयाबरोबर ती वाढते आणि वाट अडवते. लेसरने आतला वाढलेला भाग सोलून काढतात. मग काही दिवस नळी आणि नळीला बाहेर पिशवी. मी नळी तीन दिवस ठेवायचो. का? माझे सर ठेवायचे म्हणून. लेसरमध्ये रक्त कमी जातं, मग तीन दिवस कशाला, हा किडा माझ्या डोक्यात बरेच दिवस वळवळत होता. बिरूआबा पहिलेच, ज्यांची नळी मी दुसऱ्या दिवशी काढली.

घाई त्यांनाही होती. सांगोल्याकडचे मेंढपाळ. ऑपरेशनआधी लघवी तुंबली म्हणून महिनाभर नळी लावून घरी बसलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "नळी घिऊन मेंढरामागं हिंडता येत न्हाय, डाक्टर. तसंच घरी धाडनार आसाल तर मी हितंच ऱ्हातो."

आता ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"आबा, ओटीपोटात दुखतंय?"

"न्हाय."

"लघवीला लागल्यासारखं वाटतं?"

"न्हाय की."

मला नवल वाटलं. लघवी तुंबलेला माणूस दवाखाना डोक्यावर घेतो. सोनोग्राफी केली, तर मूत्राशय जवळजवळ रिकामं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! उशाशी पाण्याची बाटली होती. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"आबा, कालपासून पाणीच प्यायला नाहीत?"

आबांनी बायकोकडे पाहिलं. म्हाळाबाई पदर सावरत पुढे आल्या.

"म्याच दिलं न्हाय. शिष्टर काल म्हनल्या, उद्या पिशवी काडनार. माजी बी काडलीया, धा वर्सं झाली. बाईमानसाचं भागतंय त्याबिगर. पर ह्यांची लगवीची पिशवीच काडल्यावर पानी ऱ्हानार कुटं?"

सिस्टरांच्या हातातली नळी खाली आली. आमच्याकडे बाईची पिशवी काढली म्हणजे गर्भाशय काढलं. मूत्राशयाला लघवीची पिशवी म्हणतो ते आम्ही डॉक्टरच. आणि खाटेला लटकते तीही पिशवीच.

"अहो, मग विचारायचं ना!"

"तुमी लई शिकल्यालं. म्हनलं, काडत्यात तर काडू द्या, जीव ऱ्हायला म्हंजे झालं."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. या दोघांनी एक अख्खी रात्र त्या भीतीत काढली होती. मी कोरी पिशवी मागवून म्हाळाबाईंच्या हातात दिली. "ही काढली. आतली जागच्या जागी आहे."

त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "प्या आता."

आबांनी अख्खी बाटली संपवली, वर दोन पेले चहा. दीडच्या सुमारास बाथरूममधून आरोळी आली, "झाली की वं! चांगली धार हाय!" सगळ्या वॉर्डाने ऐकली. पुन्हा सोनोग्राफी केली, मूत्राशय नीट रिकामं झालं होतं. संध्याकाळी आबा नळीशिवाय घरी गेले.

आता लघवी स्वच्छ असेल, तर मी दुसऱ्या दिवशीच नळी काढतो. फक्त आदल्या संध्याकाळी पेशंटच्या बायकोला विचारतो, "उद्या आम्ही काय काढणार, सांगा बरं?"