पपांचा ऑर्गन

आमच्या चर्चमधला ऑर्गन गोव्यातून गलबतावर घालून मालवणला आणला होता, असं पपा सांगत. कपाटासारखा सागवानी सांगाडा, त्यात कथलाच्या नळ्या. मधली माणसाहून उंच, कडेची करंगळीएवढी. खर्जाच्या नळ्या मात्र लाकडी, चौकोनी. बाजूचा दांडा खालीवर करून कुणीतरी भाता भरायचं, तेव्हा कुठे सूर निघे. पावसाळ्यात बोटांखालच्या पट्ट्या फुगून अडकत. कधी मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असताना एखादी नळी आपणच सूर धरून बसे. मग पपा उठून तिला हलकेच टपली मारत.

त्यांचे गुडघे गेले आणि ऑर्गनच्या माळ्यावर चढणं बंद झालं, तेव्हा वाजवणं माझ्याकडे आलं. मला त्या ऑर्गनचा कंटाळा होता. भाता फाटला, तशी मीच फादरना म्हटलं, "आता कीबोर्ड घेऊया." नळ्या भंगाराच्या टेम्पोत चढल्या, तेव्हा मी तिथे उभी होते.

घरी पपांनी विचारलं, "नळयो खंय ठेवल्यात गो?"

"फादरांच्या मागच्या खोलयेत," मी म्हटलं. खरं सांगायचा धीर झाला नाही.

त्यानंतर ते रोज पडवीत काहीतरी कापत बसू लागले. मी शाळेच्या घाईत असायची, विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला हाक मारली. समोर मेंढीच्या मऊ चामड्याच्या पट्ट्या, भात्याच्या मापाने कापून रचलेल्या.

"पावस सरलो. माका चर्चीत घेवन चल. भातो मी खालीच बसान शिवतंय."

तेव्हा मी सांगितलं. ते बराच वेळ पट्ट्यांच्या कडा जुळवत राहिले.

"ऑर्गन जुनोच होतो गो," शेवटी म्हणाले. "पण माका तेव्हाच सांगूक होयां होतां."

दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याला गाठलं. कथील केव्हाच वितळून गेलं होतं. लाकडी नळ्या कुणीतरी चुलीसाठी नेल्या होत्या.

पपा पुढेही दर रविवारी मिस्सेला आले, पण सगळ्यांच्या गाण्यात त्यांचा आवाज मला पुन्हा ऐकू आला नाही. माळ्यावरून मला त्यांची पाठ तेवढी दिसायची. ते वारले, तेव्हा दफनाच्या मिस्सेआधी फादरनी विचारलं, काय वाजवशील? मी कीबोर्ड उघडलाच नाही. लोक वाद्याशिवाय गायले, थोडे बेसूर, आणि मी खाली त्यांच्यातच उभी राहिले.