मधलं न बोललेलं वाक्य

मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. लातूरच्या आमच्या गल्लीत गाड्यावर उकडणाऱ्या तुरीच्या शेंगांचा उबदार, खारट वास थेट वर्गात येत होता आणि तिरप्या उन्हात खडूची धूळ तरंगत असताना मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना माझा लाडका विषय शिकवत होतो: युक्तिवादातलं न सांगितलेलं गृहीतक. 'आभाळ भरलंय, म्हणून छत्री घे' असं म्हणणाऱ्याने मधलं एक वाक्य गिळलेलं असतं, की भरलेलं आभाळ बरसतंच. मराठवाड्यात नेमकं तेच खोटं ठरतं. म्हणून आमच्या मुलांना हा विषय चटकन कळतो, असं मी गमतीने म्हणत असे.

वर्ग सुटला तेव्हा माझी विद्यार्थिनी भाग्यश्री हिचे वडील नागनाथअप्पा दाराशी उभे होते. निलंग्याकडचे शेतकरी, त्र्याण्णवच्या भूकंपात घर गेलेले. लेक इथे तिसऱ्या मजल्यावर राहते हे कळताच तिला कायमची घरी न्यायला आले होते. परीक्षा तोंडावर आलेली, आणि इतकी हुशार मुलगी शिक्षणाला मुकणार म्हणून माझा जीव कासावीस झाला. मी सिमेंट, सळया, खांब सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. 'आमच्याकडे राहू द्या, वर नुसते पत्रे आहेत,' असंही मी सुचवलं. त्यालाही त्यांनी मान डोलावली.

"समदं पटतंय, सर. पर पोरगी नेतो."

म्हणजे इमारतीची भीती हे कारणच नव्हतं. मधलं वाक्य वेगळंच होतं. मी मास्तरी चिकाटीने विचारत राहिलो, तेव्हा ते खाली बघत बोलले, "त्या राती मी राखणीला शेतात होतो. माय एकलीच घरात. मी जवळ असतो, तर माय वाचली असती."



मागे फळ्याशी उभी असलेली भाग्यश्री त्यांच्याजवळ गेली. "अप्पा, जवळ असता तर तुमीबी त्याच दगडाखाली गेला असता. मग मी कुठून आले असते?"

हे त्यांना इतक्या वर्षांत बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते लाजल्यासारखे हसलेही. गृहीतक सापडलं की युक्तिवाद कोसळतो, असं मी वर्गात शिकवतो; पण कोसळलेल्या युक्तिवादाखालून माणूस सुखरूप बाहेर येताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला फार बरं वाटलं.

निलंग्याच्या गाडीत ते एकटेच चढले. खिडकीतून लेकीला एवढंच म्हणाले, "दाराजवळ निजत जा, बाई."