मठाच्या गावाचं नाणं

धुळ्याच्या घड्याळवाल्या नानांनी मला फसवलं. त्यांना जाऊन सव्वा महिना झाला, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये हे मलाही कळतं. पण त्यांच्या पत्नीचा, अक्कांचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या दुकानात तराजूसमोर उभा होतो, आणि "नाना गेले" हे ऐकून डोळे भरायच्या आधी मनात आलं, नाणं कुठे असेल?... तेव्हा आता लपवून उपयोग नाही.

नाणं मूळचं माझं. मी तेव्हा सायकलवरून गावोगाव जुनी चांदी घेत फिरायचो. शिंदखेड्याला घेतलेल्या मोडीत, वाकलेल्या जोडव्यांखाली ते निघालं. धुळ्यात नानांच्या टपरीवर घड्याळ दुरुस्तीला थांबलो आणि सहज दाखवलं. एका बाजूला दोन मनोऱ्यांचं चर्च, खाली तटबंदी, नदी. नानांनी डोळ्याला भिंग लावलं. "काय शे हाई?" मी विचारलं. "चांदी शे, आखो काय," म्हणत त्यांनी बदल्यात तेवढ्याच वजनाचा चांदीच्या तोड्याचा तुकडा पुढे केला. मी हुज्जत घालून वर चांदीचं एक बटण काढून घेतलं आणि जिंकल्याच्या आनंदात सायकल एसटीच्या टपावर टाकून जळगाव गाठलं.

नानांनी ते नाणं शिरपूरच्या एका प्राध्यापकांकडून वाचून घेतलं. परदेशात ख्रिस्ती साधूंचा एक जुना मठ, त्याच्याभोवती वसलेलं गाव, आणि त्या गावाच्या सन्मानार्थ काढलेलं हे नाणं. बाजारात न चालणारं. त्या गावाचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. सर मात्र तिथेच जन्मल्यासारखे ते उच्चारायचे. मग दर रविवारी नाना आणि सर नाण्यावर वाकून बसायचे, जळगावहून आलेला मी दाराजवळच्या स्टुलावर. शाळेतली मुलं बघायला आली की नाना सांगायचे, "हे मला मोडीत सापडलं." मला! एकदा मी सगळ्यांसमोर विचारलं, "नाना, मोड कोनी व्हती?" ते हसले. "तुन्हापाशी ऱ्हातं तं त्यानं जोडवं व्हई जातं." सर खो खो हसले. खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र नाण्याची डबी त्यांनी माझ्याकडे ठेवली. सरांकडे नाही, माझ्याकडे. आठ दिवस मी ती उशाशी घेऊन झोपलो. अक्षरांच्या खाचांत काळं बसलं होतं. चांदीचा माणूस मी, काळी चांदी मला बघवत नाही. रिठ्याच्या पाण्यात ब्रशने इतकं घासलं की त्यात तोंड दिसावं. सरांना जे सुचलं नाही ते आपण केलं, असं वाटलं. नानांनी भिंगातून बराच वेळ बघितलं... "भाऊ, तू तोंड धोयं. पन वय पुसी टाकं." आवाज चढवला नाही. त्यानंतर नाणं पुन्हा माझ्या हातात दिलं नाही. संग्राहक जुनं नाणं धूत नाहीत, हे मला पुढे दुसऱ्याकडून कळलं. डबी देतानाच सांगितलं असतं तर?

दहाव्याला अक्कांनी सांगितलं, नाणं चिठ्ठीसकट सरांना दिलं. "जायच्या आधी नानांनी चिठ्ठी लिहिली, नाण्याखाली ठेवली. कुठून आलं, काय झालं, बठ्ठं लिखेल शे." अक्कांनी ती वाचलेली नाही. मी सरांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाले, नंतर बोलू.

मला अक्कांनी भिंग दिलं. ते गल्ल्याशेजारी असतं. मोडीत काही गोल निघालं की आधी भिंग, मग भट्टी. घासत तर मुळीच नाही.

सर, हे ज्यात छापून येतंय ती पुरवणी तुमच्याकडे येते. चिठ्ठीत माझं नाव आहे का? असेल तर नाणं आणणारा म्हणून आहे, की घासणारा म्हणून? फोनवर नको. जिथे मी विचारलं, तिथेच उत्तर द्या.